पहिलं पिंप रेड्याचं

दिलदार गाडीवान रस्त्यानं निघाला की माणसं आधी नाकाला पदर लावायची आणि मग त्याला हाक मारायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. गंगावेशीतल्या खानावळी, हलवायांच्या भट्ट्या आणि खाटीक आळी, या सगळ्यांकडचं ओशाट तो उचलायचा. ओशाट म्हणजे कढईच्या तळाचं जळकं तेल, रश्श्यावरची गोठलेली चरबी, भांडी विसळलेलं तेलकट पाणी. झाकणाची दोन लाकडी पिंपं, एक गाडी आणि ढब्बू नावाचा एक रेडा, एवढ्यावर त्याचा संसार चालला होता आणि बरा चालला होता.

पूर्वी हे ओशाट कुणीही कुठंही ओतायचं. करवीरच्या महाराजांना गादीवर बसून पंधरा-सोळा वर्षं झाली होती, आगगाडी येऊन तर त्याहून जास्त, आणि गाव वाढेल तशी गावाची घाणही वाढत होती. गटारं तुंबायला लागली, तेव्हा त्या वर्षीच्या संक्रांतीनंतर म्युनिसिपालिटीनं नियम काढला. ओशाट वाहणाऱ्यानं परवाना घ्यायचा, पिंपाला झाकण लावायचं आणि माल उचगावच्या माळावरच्या खड्ड्यातच टाकायचा. ओढ्यात, तळ्यात, गटारात किंवा रस्त्यावर कुणी ओतलं, तर पहिल्या गुन्ह्याला दहा रुपये दंड. दुसऱ्याला वीस रुपये आणि परवाना जप्त. तिसऱ्याला गाडी जप्त आणि पंधरा दिवस कैद.

आरोग्यखात्याचा पिराजी जमादार चौकात उभा राहून हे सगळं खड्या आवाजात वाचत होता. दिलदारनं कैदेपर्यंत ऐकलं. त्यापुढं आणखी कलमं होती, पण कैद म्हटल्यावर तो तिथनं सटकला. त्याची बायको हाफिजा मात्र भाजीची पाटी डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत उभी राहिली. ती गडहिंग्लजची. तिचा बाप तिथल्या कचेरीत शिपाई होता आणि त्यानं लेकीला अक्षरओळख करून दिली होती. सरकारी कागद अर्धा ऐकून निघून जायचं तिच्या रक्तातच नव्हतं.

दोन महिने दिलदारनं नियम असा पाळला की माळावरचा खड्ड्याचा राखणदारही त्याचं कौतुक करायचा. मग चैत्र लागला.

त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली. उचगावच्या वाटेवर ओढा ओलांडावा लागे. पाणी गुडघाभरच, गाडी रोज आरामात पार व्हायची. पण रेडा शेवटी रेडा. ढब्बूच्या खुरांना पाणी लागलं, त्यानं एकदा मान वर केली, सुस्कारा सोडला आणि जू मानेवर तसंच ठेवून तो ओढ्यात बसला.

गाडी पुढं कलली. पुढचं पिंप दोरीतनं निसटलं, आपटलं, झाकण उडालं आणि सगळं ओशाट भळाभळा पाण्यात गेलं.

दिलदारनं रेड्याला गोंजारलं, मग शेपूट पिरगाळली, मग हात जोडले. ढब्बूनं डोळे मिटून घेतले. तासभर असा गेला. डोक्यावर ऊन, पायाखाली तेलकट पाणी, आणि माळ अजून अर्धा कोस. भरल्या पिंपाच्या वजनानं गाडी चिखलात रुतत चालली होती. दिलदारनं इकडं तिकडं बघितलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. एक सांडलंच आहे, दुसऱ्यानं असं काय बिघडणार, असं त्याच्या मनात आलं. आणि त्यानं स्वतःच्या हातानं दुसरं पिंप ओढ्यात रिकामं केलं.

गाडी हलकी झाली तसा ढब्बू उठला आणि काही झालंच नाही अशा चालीनं गाडी घेऊन काठावर गेला.

दिलदार घरी आला तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या कपड्यांचा वास आला. त्यानं दोनदा अंघोळ केली.

तिसऱ्या दिवशी तो बनाबाईच्या खानावळीत पिंप भरायला गेला. बनाबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. गावातली बातमी आधी तिच्या रश्श्यात उकळायची आणि मग बाकीच्यांना मिळायची.

"धोंडुबाई परटिणीचं कळलं का?" ती म्हणाली. "मुरगूडच्या हंबीरराव इनामदाराच्या इथल्या वाड्यात लगीन हाय की न्हवं. त्यांचं सगळं कापड तिच्याकडं धुवायला. अंगरखं, धोतरं, फेटं, बैठकीच्या चादरी. अन् सगळ्यावर ह्ये एवढं पिवळं डाग. वड्याला कुणीतरी ओशाट सोडलंय म्हणती ती. इनामदाराचा कारभारी म्हणतोय, तूच घाण पाण्यात धुतलंस, वर बहाणा करतीस. फिर्याद करतोय तिच्यावर. चाळीस वरसं कापड धुती बया, एक डाग कधी लागला न्हाय."

दिलदारनं हातातली घागर खाली ठेवली.

"पाण्यावर त्याल दिसलं न्हाय का कुणाला?" त्यानं विचारलं.

"दिसलं की. पण कुणी वतलं ते दिसाय पायजे न्हवं? तू रोज जातोस त्या वाटंनं. तुला कोण दिसलं का?"

"न्हाय," दिलदार म्हणाला. आणि खोटं तर काही बोललो नाही, कारण स्वतःला कोण बघतो, अशी त्यानं मनाची समजूत घातली. ती समजूत खानावळीच्या दारापर्यंतसुद्धा टिकली नाही.

परटांचा घाट ओढ्याच्या खालच्या अंगाला होता. जाता जाता त्यानं लांबूनच बघितलं. धोंडुबाई एकटी एका चादरीवर वाकली होती. ती चादर आपटत नव्हती, नुसती बोटांनी चोळत होती. दिलदारच्या लहानपणी त्याची आई आजारी होती तेव्हा हीच बाई त्यांच्या घरचे कपडे महिनाभर फुकट धुऊन देत होती. त्याला हाक मारावीशी वाटली. पण तो गाडी हाकत पुढं गेला.

दिवेलागणीला हाफिजानं भाकरी वाढली. दिलदारनं एक तुकडा मोडला आणि तो हातात धरून बसला.

"काय झालंय?" हाफिजा म्हणाली. "तीन दिवस बघती मी. रेड्याशीबी बोलत न्हाईसा."

मग त्यानं सगळं सांगितलं. रेडा कसा बसला, पहिलं पिंप कसं पडलं, दुसरं कसं ओतलं, धोंडुबाईवर कशी पाळी आली. बोलताना त्याची मान वर झाली नाही. हाफिजा रागावेल, रडेल, निदान कपाळाला हात लावेल असं त्याला वाटलं होतं. ती यातलं काही करीना. ती प्रश्न विचारायला लागली.

"किती वाजलं हुतं?"

"सूर्य डोक्यावर हुता."

"पयलं पिंप आपलं आपण पडलं. तुमी हात लावला न्हवता?"

"न्हाय."

"आन् दुसरं?"

"दुसरं मीच वतलं. ह्या हातानं."

"आता काय करणार हाईसा तुमी?"

दिलदारनं तुकडा ताटात ठेवला. "उद्या कचेरीत जातो. पिराजी जमादाराला सांगतो, मीच केलं म्हणून. दंड हुईल तर हुईल. त्या म्हातारीच्या गळ्यात माझं पाप नको."

 हाफिजानं त्याच्या ताटात आणखी थोडा झुणका वाढला.

"जावा की," ती म्हणाली. "पर सकाळी नीट न्ह्यारी करून जावा. घाई करू नगा. दहाच्या आत कचेरी उघडत न्हाय."

सकाळी दिलदार उठला तेव्हा हाफिजा घरात नव्हती. झाकून ठेवलेली भाकरी होती. शेजारची म्हणाली, ती केव्हाच बाहेर पडली, नवं लुगडं नेसून. धोंडुबाईकडं गेली असेल, असं दिलदारला वाटलं. त्यानं न्याहारी केली, मुंडासं नीट बांधलं, पेटीतनं दंडासाठी म्हणून दहा रुपये कमरेला लावले आणि वाटभर काय बोलायचं ते घोकत कचेरीत गेला.

पिराजी जमादार व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. मिशीला पीळ देत तो म्हणाला, "ये दिलदार. तुझीच वाट बघतोय."

"माझी?"

"व्हय. वड्यात ओशाट वतल्याची खबर आलीया तुझ्यावर. लेखी. वेळ, जागा, किती पिंपं, सगळं हाय. साहेब आत बसल्यात. चल."

 वाटभर घोकलेलं सगळं वाया गेलं. आपण होऊन कबूल करायला आलेला माणूस आणि पकडून आणलेला माणूस, यांत केवढं अंतर असतं ते त्याला त्या व्हरांड्यात उमगलं. "जमादार, मी आपणहून सांगाय आलतो," तो म्हणाला.

"सगळीच आसं म्हणत्यात," पिराजी म्हणाला आणि त्याला आत घेऊन गेला.

मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्क होते, चष्मा नाकाच्या टोकावर. कारकुनानं कागद वाचला. चैत्र शुद्ध अमुक तिथीला, दोन प्रहरी, उचगावच्या वाटेवरच्या ओढ्यात, दोन पिंपं. दिलदार ऐकता ऐकता विचार करत होता, कोण होतं तिथं? झाडामागं कुणी गुराखी होता की काय?

"गुन्हा कबूल आहे?" साहेबांनी विचारलं.

"कबूल हाय साहेब. धोंडुबाईचा यात कायबी दोष न्हाय. पाणी मी नासवलं."

साहेबांनी चष्म्यावरनं त्याच्याकडं बघितलं. गुन्हा इतका पटकन कबूल होण्याची त्यांना सवय नसावी. "बरं. खबर देणारा हजर आहे का?"

कारकुनानं कागदावर बोट ठेवून पुकारलं, "हाफिजाबी कोम दिलदार, राहणार कसबा करवीर."

आणि बाजूच्या दारातनं, नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर नीट घेऊन, हाफिजा आत आली.

दिलदारला आधी वाटलं, दुसरीच कुणी त्याच नावाची बाई असेल. मग तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि त्याच्या छातीत काहीतरी तुटलं. बारा वर्षांचा संसार. काल रात्री हिनंच झुणका वाढला होता.

"तू याची बायको?" साहेबांनी विचारलं.

"व्हय जी."

"नवऱ्याशी भांडण आहे तुझं? मारतो? दारू पितो?"

"न्हाय जी. नवरा चांगला हाय."

"मग त्याच्यावर खबर का दिलीस?"

हाफिजानं घसा साफ केला. "साहेब, ह्ये आज कबूल कराय येणारच हुतं. काल रातीच मला म्हणालं. पर ह्येनी आपलं आपण सांगितलं असतं तर ते फुकट गेलं असतं. नियमात सातवं कलम हाय. जो पयली खबर दील, त्याला वसूल झालेल्या दंडातलं निम्मं बक्षीस. म्हणून मी पयलं येऊन दिली."

 मग कारकून खोकल्यासारखं करून हसला. साहेबांनी नियमाचं पुस्तक मागवलं. सातवं कलम त्यांनी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग पान उलटून पुढं काही अपवाद आहे का ते बघितलं. अपवाद नव्हता.

पिराजी जमादाराला राहवेना. "साहेब, पर ह्यांची चूल एक, घर एक. एका हातानं दंड भरायचा अन् दुसऱ्या हातानं निम्मा परत न्यायचा. दंडाला काय अर्थ राहिला?"

"नियमात 'कोणीही इसम' असं लिहिलंय," साहेब म्हणाले. "बायको इसम नाही असं म्हणायचं आहे का तुम्हाला, जमादार?"

पिराजीनं माघार घेतली, पण दुसऱ्या वाटेनं पुन्हा आला. "मग गुन्हं दोन धरावं साहेब. पिंपं दोन हुती. पयल्याचं दहा, दुसऱ्याचं वीस, अन् परवाना जप्त."

 परवाना गेला तर ढब्बूला खायला काय घालायचं, असं दिलदारच्या मनात आलं. तो काही बोलायच्या आत हाफिजा बोलली.

"पयलं पिंप रेड्याचं, साहेब. रेडा पाण्यात बसला, गाडी कलली, पिंप पडलं. ह्येनी हात लावला न्हाय. दुसरं तेवढं ह्येंचं. कागदात मी तसंच लिवलंय."

साहेबांनी कागद पुन्हा बघितला. खरंच तसं लिहिलं होतं. वाकडंतिकडं, पण लिहिलं होतं. त्यांनी दिलदारला विचारलं, "खरं सांग. पहिलं पिंप पडलं की ओतलंस?"

"पडलं साहेब. दुसरं वतलं. दुसऱ्याला कुणी सांगितलं न्हवतं, माझीच बुद्धी फिरली."

"नियमात 'ओतणे' हा गुन्हा आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दडलं होतं, पण आवाज कोर्टाचाच होता. "रेड्यानं ओतलं नाही, सांडलं. आणि रेड्याला परवाना दिलेला नाही, तेव्हा त्याचा जप्तही करता येत नाही. एक गुन्हा. दहा रुपये दंड. पाच रुपये खबर देणारीला. शिवाय तीन दिवसांत आरोपीनं स्वखर्चानं ओढा साफ करावा. पाणी कुणी नासवलं याचा दाखला धोंडुबाई परटीण हिला आजच्या आज देण्यात यावा."

दिलदारनं कमरेचे दहा रुपये मोजून टेबलावर ठेवले. कारकुनानं त्यातले पाच उचलून हाफिजाच्या हातावर ठेवले आणि पावतीवर तिची सही घेतली. तिनं अंगठा न देता सही केली, तेव्हा कारकुनानं पिराजीकडं बघितलं आणि पिराजीनं छताकडं.

बाहेर आल्यावर दिलदार तरातरा चालायला लागला. ती दोन पावलं मागं, तो पुढं. पापाच्या तिकटीपर्यंत असंच. मग तो थांबला.

"मला आदी सांगायचं हुतंस की," तो म्हणाला. "जमादार म्हणाला खबर आलीया, तवा माझा जीव गेलता."

"आदी सांगितलं असतं तर तुमी रातीच कुणाला तरी सांगून मोकळं झाला असता, आन् पयली खबर त्येची झाली असती," हाफिजा म्हणाली. "तुमच्या पोटात कायबी राहत न्हाय. तीन दिवस राहिलं तर जेवायचं बंद झालं."

 ती गंगावेशीकडं न वळता घाटाकडं वळली, तेव्हा त्यानं विचारलं, "तिकडं कुठं?"

"धोंडुआक्काकडं. पाच रुपय तिचं हायत. डागाला रिठं लागणार, पापडखार लागणार, जळण लागणार. आन् माणूस लागणार. ती मी हाय."

दिलदार तिथंच उभा राहिला. छातीत जे तुटलं होतं ते आता दुसऱ्याच कारणानं दुखायला लागलं. त्यानं डोळे पुसले आणि तिच्या मागून चालायला लागला. या वेळी ती दोन पावलं पुढं होती.

धोंडुबाईनं दाखला हातात घेतला, उलटासुलटा केला आणि हाफिजाकडून वाचून घेतला. मग दिलदारकडं वळून ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. चाळीस वर्षांचा तिचा घाट होता आणि आवाजही तेवढाच जुना होता. दिलदारनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शिव्या संपल्या तशी ती दमून दगडावर बसली आणि म्हणाली, "भाकरी खाल्लीस का?"

"न्ह्यारी करून आलतो मावशी."

"मग लाग कामाला. वडा काय आपणहून साफ व्हायचा न्हाय."

तीन दिवस दिलदार ओढ्यात होता. शाहूवाडीकडनं भात घेऊन आलेल्या एका गाडीवाल्याकडनं त्यानं भाताचा पेंढा घेतला. पेंढ्याच्या जाड वेण्या वळून त्यानं ओढ्यावर आडव्या बांधल्या. पाणी खालनं जायचं, तेल वेणीला अडकायचं. वेणी भरली की काढायची, पिंपात टाकायची, झाकण लावायचं आणि माळावर न्यायची. काठाच्या दगडांना बसलेला चिकटा त्यानं राखेनं घासून काढला. ढब्बूला या शिक्षेचा फार आनंद झाला. तो दिवसभर वरच्या अंगाच्या डोहात बसून सगळं बघत होता आणि कुणी त्याला ऊठ म्हणत नव्हतं.

खालच्या अंगाला दोघी बायका. भट्टीवर कापड उकळत होतं, रिठ्यांचा फेस घाटभर उडत होता. धोंडुबाई हाफिजाला डाग कसा कडेनं आत चोळत यायचा ते शिकवत होती आणि हाफिजा तिला कोर्टातलं बोलणं पुन्हा पुन्हा सांगत होती. दर वेळी धोंडुबाई "पयलं पिंप रेड्याचं" म्हणून हसायची आणि तिला खोकला यायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी कापड गेलं. दोन चादरींवर अंधूक डाग राहिले, त्या खाली घालून वर जाजम अंथरलं म्हणतात. फेटे मात्र असे निघाले की इनामदाराच्या कारभाऱ्यानं फिर्याद तर सोडाच, धोंडुबाईला लग्नाच्या जेवणाला बोलावलं. ती गेली आणि येताना मोतीचुराचे लाडू घेऊन आली.

पुढं महिनाभरात म्युनिसिपालिटीनं सातव्या कलमाला एक ओळ जोडली, की आरोपीच्या घरच्या माणसाला बक्षीस मिळणार नाही. पिराजी जमादारानं ती ओळ चौकात वाचली तेव्हा सगळी गर्दी हाफिजाकडं बघत होती आणि हाफिजा पदर सावरत शेवटपर्यंत ऐकत होती. साहेबांनी उन्हाळ्यापुरतं ओढ्यावर फळ्या टाकून घ्यायलाही सांगितलं, म्हणजे गाडीला पाण्यात उतरावंच लागू नये.

एका संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन दिलदार घाटावरनं हाफिजाला आणायला गेला. आता ती आठवड्यातले तीन दिवस धोंडुबाईकडं काम करायची. ती गाडीवर चढून बसली. 

"एक इचारू?" दिलदार म्हणाला.

"इचारा की."

"मी त्या दिवशी म्हणालो नसतो, कचेरीत जातो म्हणून. गप्प बसलो असतो. तर तू खबर दिली असतीस का?"

 पटकन गोड बोलून टाकणारी ती नव्हती.

"आदी तुमच्या मागं लागली असती," ती म्हणाली. "एक दिस, दोन दिस, आठ दिस. जेवाण गोड लागू दिलं नसतं. तुमी जातो म्हणंपर्यंत."

"आन् मग?"

"मग काय. तुमी मुंडासं बांधतायसा तवर मी पळत पुढं गेली असती."

दिलदार इतका मोठ्यानं हसला की रस्त्याकडेच्या बायकांनी वळून बघितलं, आणि त्यांतल्या एकीनं सवयीनं नाकाला पदर लावला.